शंभराची अट

“शंभर?” जहांआरानं हातातला कागद टेबलावर आपटला. “माणसं हायेत का कडब्याच्या पेंढ्या, शेकड्यानं मोजायला?”

आप्पासाहेब सर दचकले. शहराच्या छावणी भागातल्या त्या लहानशा ऑफिसात ते परदेशातल्या एका संस्थेसाठी यादी करायचे. कोणत्या देशात उद्या माणसांची कत्तल होण्याचा धोका किती, याची यादी. जिथं आधी झाली असेल तिथं धोका जास्त, म्हणून जुन्या कत्तलीही नोंदवायच्या. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळचं जहांआराच्या गावचं प्रकरण त्यांनीच तिच्याकडून लिहून घेतलं होतं. आज सही करायला म्हणून बोलावलं आणि बघते तर काय, पानावर आडवी लाल रेघ!

“आजी, नियम माझा नाही,” सर म्हणाले. “एका ठिकाणी शंभर माणसं मेली, तरच कत्तल धरतात. तुमच्या गावात एकोणसाठ. शंभराच्या आत असलं की ‘किरकोळ प्रकार’ लिहायचं.”

“किरकोळ!”

जहांआराचं डोकंच फिरलं. का फिरू नये? तेव्हा ती नऊ वर्षांची. बाप गावचा मुलाणी. पिराच्या कंदुरीला अख्ख्या गावाची बकरी तोच कापायचा आणि घरोघर वाटे पोचवायचा. त्याच गावानं त्याला ओढ्यात नेऊन मारलं. दोन्ही भाऊ गेले. मोहल्ल्यातले सगळे बाप, सगळे भाऊ गेले. पुढं सारा जन्म गाव म्हणत राहिलं, ‘त्या गडबडीत गेले.’ गडबड म्हणे! कत्तलीला कुणीतरी, कुठंतरी, एकदा कत्तल म्हणावं, मग खुशाल डोळे मिटावेत, एवढीच तिची आस होती. त्यासाठी ठणकते गुडघे घेऊन ती दोन एसट्या बदलून आली होती. आणि हा एवढा शिकलेला माणूस त्या कत्तलीला किरकोळ म्हणत होता.

सोबत सारजाबाई होती. शेजारची, परकर नेसायच्या वयापासूनची मैत्रीण. तिनं जहांआराचा हात घट्ट धरला होता आणि मान खाली घातली होती.

सरांनी पाण्याचा पेला पुढं केला. “चिडू नका हो. उलट तुमच्या गावाची लाज राखणारी एक गोष्ट आहे यात. हा रकाना बघा. ‘मारणारे कुणी न अडवता, आपणहून थांबले का?’ इथं मी ‘होय’ लिहिलंय. फौज तर चार दिवसांनी पोचली. म्हणजे लोकांना उपरती झाली असणार. असं असलं की पुढचा धोका कमी धरतात.”

पेला तसाच राहिला. जहांआरा गर्रकन सारजाबाईकडं वळली. “ऐकतीस का गं? उपरती झाली म्हणं! तू तरी बोल की! का दातखीळ बसली?”

सारजाबाईनं धरलेला हात सोडला. मान वर केली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज असा चढलेला जहांआरानं कधी ऐकला नव्हता.

“खोडा ते, साहेब. उपरती नाय न् काय नाय. मोहल्ल्यात साठावा गडीच उरला नव्हता, म्हून थांबले. माझा बाप कुऱ्हाड घेऊन दिवस बुडंपर्यंत हुडकत होता.”