काउंटरवरचे आजोबा

"आणि हा किती जगतो?" बाईंनी विचारलं.

दुकानदाराने हॅमस्टरचा पिंजरा खाली ठेवला. हा प्रश्न बाईंनी आता चौथ्यांदा विचारला होता. माशांबद्दल विचारला, लव्हबर्ड्सबद्दल विचारला, सशाबद्दल विचारला. रंग नाही, किंमत नाही, चावतो का तेही नाही. थेट आयुष्यच.

"दोन वर्षं. नीट ठेवला तर अडीच. पण हा तुमच्या कामाचा नाही. दिवसभर झोपतो, आणि तुमची मुलगी काही त्याला झोपू देणार नाही."

मुलगी पाच वर्षांची होती. आईने तिला आल्यापासून 'भिंगरे' याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती आणि तशी गरजही दिसत नव्हती. खाद्याच्या पोत्यांवर चढून झालं होतं, माशांच्या टाकीला नाक लावून झालं होतं. आता ती एका पायावर उड्या मारत दारापासून काउंटरपर्यंतच्या फरश्या मोजत होती.

"भिंगरे, हळू," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या. आल्यापासून दुसऱ्यांदा. मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराकडे गेलं होतं, ते त्यांनी खाली ओढलं. दुकानदाराला त्यांची दया आली. असलं पोर घरात असल्यावर आईच्या अंगावर मांस कुठून राहणार?

तो चांगला माणूस होता, पण चौकशी केल्याशिवाय साधा मासाही विकत नसे. लेकीसाठी स्थळ बघतानासुद्धा इतके प्रश्न विचारले नव्हते, असं त्याची बायको म्हणायची.

"घरी दिवसभर कोण असतं?"

"सध्या मी. रजेवर आहे."

"आणि रजा संपल्यावर?"

"तिचे बाबा आहेत. आत्याही यायची आहे राहायला."

"मग काळजी नाही. मुलगी हळवी आहे का?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं. "शाळेत कपात वाल पेरला होता. तो सुकला. ही आठवडाभर कप उशाशी घेऊन झोपायची. रोज सकाळी विचारायची, आज उठेल ना? शेवटी तिच्या बाबांनी गुपचूप दुसरं रोप आणून त्यात लावलं."

"शहाणा माणूस."

"हो," बाई म्हणाल्या. "आता तिला वाटतं, तेच उठलं."

दुकानदाराच्या सगळं लक्षात आलं. मुलगी हळवी, आई घाबरलेली; यांना टिकणारा प्राणी हवा. तो उत्साहाने आत गेला आणि पांढराशुभ्र काकाकुवा मनगटावर घेऊन आला.

"हा घ्या. पन्नास वर्षं! तुमच्या मुलीच्या नातवंडांशी गप्पा मारेल."

"पन्नास," बाई म्हणाल्या. काकाकुव्याकडे न बघता त्या मुलीकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. किंमत ऐकण्याआधीच रडणारं गिऱ्हाईक दुकानदाराने कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात उड्यांचा आवाज थांबला. काउंटरच्या टोकाला फळांच्या खोक्यात, जुन्या टॉवेलावर, एक करडा गिनीपिग बसलेला असे. दुकानात सगळे त्याला आजोबा म्हणत. मुलगी उंच खुर्चीवर चढून त्याच्या शेजारी चक्क बूड टेकवून बसली होती.

"हे पळत का नाहीत?"

"म्हातारे झालेत आमचे आजोबा."

"मी शिकवीन त्यांना," मुलगी म्हणाली आणि एका बोटाने त्याची पाठ चोळायला लागली. आजोबांनी डोळे मिटले.

"हा किती?" बाईंनी विचारलं.

"हा विकायचा नाही. सात वर्षांचा आहे. आमच्या डॉक्टरांनी सांगून टाकलंय, फार तर तीन महिने काढेल."

"हाच द्या."

दुकानदाराला वाटलं, आपण नीट बोललो नाही. त्याने आवाज खाली आणला. "बाई, मरेल तो."

"माहीत आहे."

"अहो, एका रोपासाठी आठवडाभर कप घेऊन झोपणारी मुलगी ती! जीव लावेल याला."

"लावू दे."

आता दुकानदाराने काकाकुवा मनगटावरून उतरवून पिंजऱ्यावर बसवला. आकडा मोठा झाला की बाईंचा चेहरा उतरत होता, हे त्याला आत्ता उमगलं. अशी माणसं त्याने पाहिली होती. पोराची हौस भागवायची, पण मागची उस्तवार नको. प्राणी लवकर आटपला की सुटले.

"म्हणजे तुम्हाला लवकर मरणाराच हवा होता," तो म्हणाला.

"हो."

"मग माझ्याकडे नाही मिळणार. दुसरीकडे बघा. लहान मुलीच्या मनाशी खेळायला काही मर्यादा आहे की नाही! आणि तो मेला की काय कराल? गुपचूप दुसरा आणून ठेवाल खोक्यात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "या वेळी दुसरा नाही आणायचा. तिला रडू द्यायचं."

"इतकी घाई कसली? पाच वर्षांची आहे हो ती! ससा न्या. आठ वर्षं जगेल, तोवर मुलगी मोठी होईल. आपसूक कळेल तिला सगळं."

"आई, आजोबा हसले!" मुलगी ओरडली.

बाईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली. मग काउंटरचा आधार घेत त्या उठल्या. घड्याळ पुन्हा कोपराकडे घसरलं, पण या वेळी त्यांनी ते ओढलं नाही.

"तुमच्या डॉक्टरांनी त्याला तीन महिने सांगितलेत ना?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या डॉक्टरांनी मला सहा सांगितलेत. ती पहिल्यांदा रडेल, तेव्हा जवळ मी असेन."