निरोपाचा फलक

"सर, उद्याच्या निरोपाचा फलक कोण लिहिणार?" शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. शाळेतले सगळे फलक चित्रकलेचे खटावकर सरच लिहीत, आणि निरोपही त्यांनाच होता. अनुदान आटलं होतं. पहिली कुऱ्हाड चित्रकलेवर पडली होती.

"लिहितो की," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणी लिहिला तर मलाच बघवणार नाही."

संध्याकाळभर ते सभागृहातल्या फळ्यासमोर उभे होते. कडेला वेलबुट्टी, मध्ये समई, वर झोकदार 'निरोप समारंभ'. स्वतःचं नाव त्यांनी अगदी शेवटी घातलं आणि लांब जाऊन, डोळे बारीक करून, अक्षरं सरळ आलीत ना ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शिक्षकांनी फलकाचं तोंडभरून कौतुक केलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "इतका सुंदर फलक उद्या पुसायचा म्हणजे जिवावर येतंय हो."

"पुसायचा नाहीच, बाई. सगळा ऑइलपेंटनं केलाय. नाव तेवढं खडूनं लिहिलंय, म्हणजे पुढच्या वर्षी नुसतं नाव बदललं की झालं."

सर समोसा खाऊ लागले. बाकी कुणीच बशीला हात लावला नाही.