सतरावा नियम

हे कोणाला खरं वाटायचं नाही, पण अर्डिस सव्वादोन तास गप्प बसली होती. रविवारी भर दुपारी, लायलच्या तळघरात, ओळखीच्या माणसांत. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात तळी गोठतात, गाड्या गोठतात, अर्डिसची जीभ कधी गोठली नव्हती. ती लायलच्या सतराव्या नियमानं गोठवली.

खेळ असा, की लायल गोष्ट सांगणार, बाकीचे आपापल्या कागदावरच्या पात्राच्या तोंडून बोलणार, आणि जगणं-मरणं वीस बाजूंचा फासा ठरवणार. अर्डिसचं पात्र टॅन्सी, हव्या त्या जनावराचं रूप घेणारी रानातली मांत्रिकीण. तिचा कागद अर्डिसच्या नवऱ्यानं, मर्लनं, पेन्सिलीनं लिहिलेला. मर्ल गेला, कागद राहिला.

ही टॅन्सी लायलच्या डोळ्यांत सलायची. त्यानं आठ महिने खपून एक ड्रॅगन रचला, तर ही चिचुंद्री होऊन त्याच्या कानात शिरली आणि पाच मिनिटांत ड्रॅगन आडवा. म्हणून घरचा नियम नववा: ड्रॅगनच्या कानाला झाकण असतं. मग ती झुरळ होऊन राजवाड्यात शिरली. म्हणून बारावा: राजवाड्यात झुरळं नसतात. सतरावा मात्र त्यानं नीट विचार करून लिहिला. पात्र जनावराच्या रूपात असेल तोवर खेळणाऱ्यानंही बोलायचं नाही. खाणाखुणा नाहीत, लिहून दाखवणं नाही. तोंडातून एक शब्द गेला की रूप उतरलं. असेल तिथे, असेल तशी बाई.

आणि पात्र मेलं की ज्याचा कागद त्यानंच फाडायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हा रिवाज तर जुनाच.

आत्ता टॅन्सी ससाणा होती. दरीवर, हजार फूट उंच.

"अर्डिस, चीज घे ना," शेजारचा व्हर्लिन म्हणाला. "नको? मग उंदीर आणू का तुला?"

समोरची वाँडा खुसखुसली. "राहू दे रे तशीच. किती शांत वाटतंय. मर्लला हा नियम सुचला असता तर अजून जगला असता बिचारा."

अर्डिसनं ओठ आवळले आणि कागदावर हात ठेवला.

"पलीकडच्या कड्यावरून तिरंदाजानं बाण सोडला," लायल म्हणाला. "अठरा किंवा वर पडले तर वर्मी. खाली पडले तर हुकला."

त्यानं पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला. नजर अधू झाल्यापासून त्याचा फासा अंड्याएवढा होता. आणि त्याच्या पाठीमागे भिंतीवर, काचेच्या पेटीत, त्यानं कधीकाळी पकडलेला मासा टांगला होता. पेटी वरून जरा पुढे झुकलेली. आडोशामागचं सगळं त्या काचेत दिसायचं. अर्डिसच्या खुर्चीवरून, आणि व्हर्लिनच्याही.

फासा थांबला. काचेत, माशाच्या पोटावर, उलटा चार.

"वीस," लायल म्हणाला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "थेट छातीत. वाईट वाटतं गं. चल, फाड कागद."

अर्डिसनं व्हर्लिनकडे पाहिलं. तो काचेकडेच बघत होता. व्हर्लिन खेळातही माणूस होता आणि खुर्चीतही. त्याच्या बोलण्याआड कुठलाच नियम येत नव्हता. त्यानं चीजचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि तोंडात टाकला.

वाँडानं टाळीसाठी हात वर धरून ठेवले होते.

लायलनं मान वळवून माशाकडे पाहिलं, मग अर्डिसकडे. "काही म्हणायचंय का तुला?" त्यानं गोड आवाजात विचारलं. "म्हण की. खाली दगड आहेत, तेवढं ध्यानात ठेव."

अर्डिसनं कागद दोन्ही हातांनी उचलला. मर्लची अक्षरं तिच्या अंगठ्यांखाली आली. सव्वादोन तास मिटलेलं तोंड उघडताना ओठ एकमेकांना चिकटले होते.

"चार पडलेत, लायल," ती म्हणाली.