आहे म्हणून

दरीत उतरलेला ताईचा धाकटा भाऊ कालपासून बेपत्ता होता. हातात धरून बोलायचा छोटा रेडिओ होता त्याच्याकडे. डोंगरावरचा रिपीटर सगळ्यांचे आवाज पकडून लांबवर पोचवायचा; त्याचा मात्र येत नव्हता. ताईने हट्टाने रेडिओ क्लबच्या काकांना वर आणलं. क्षीण आवाज उचलून धरणारी प्रीअ‍ॅम्प्लिफायरची एवढीशी डबी ती रिपीटरच्या अँटेनाच्या तारेत जोडू लागली.

"बॅटरी टिकली असेल का हो त्याची?"

"आधी जोड. मग बोलू," काका म्हणाले.

तिने स्विच दाबला. नुसतीच खरखर. काकांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात त्या खरखरीतून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"ताई... पाय मोडलाय. ओढ्याच्या वरच्या कपारीत आहे मी."

"अरे, आम्हाला वाटलं तुझा रेडिओच बंद पडला!"

"नाही गं. तुमचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. सकाळी काका रेडिओवर म्हणाले ना, तो आता राहिला नसेल, शोध थांबवू या... तेव्हाही मी ओरडून सांगत होतो, आहे म्हणून."