अवतरणातली कोरी जागा

शिरूरच्या त्या छापखान्यात मराठी अक्षरांचे खिळे होते, इंग्रजी होते, उर्दू नव्हते. म्हणून मुसलमानाघरच्या लग्नपत्रिकेत दोन अवतरणचिन्हांमधली जागा कोरी सोडायची आणि गठ्ठा शेखलाल चाचांकडे धाडायचा, अशी रीतच पडली होती. चाचा एकेका पत्रिकेत नवरा-नवरीची नावं उर्दूत भरत बसायचे. हात भरून यायचा, डोळे चुरचुरायचे.

"वाचतंय कोण ते? समदे मराठीच वाचत्यात," त्यांची बायको रशिदा वैतागायची.

रेल्वेचा संप मिटला, शेजारच्या गुलशनचा दौंडचा रेल्वेतला नवरदेव कामावर रुजू झाला आणि तिचं लग्न घाईनं उरकायचं ठरलं. गठ्ठा आला तेव्हा चाचा पार मेटाकुटीला आले होते. एका पत्रिकेत त्यांनी नावांऐवजी उर्दूतच लिहून टाकलं, "अब मुझसे नहीं होता." जरा हलकं वाटलं. फाडायचा जीव होईना, म्हणून ती तशीच गठ्ठ्यात सरकवून दिली.

लग्नात जो तो अक्षराची तारीफ करत होता. चाचा निर्धास्त झाले.

पाठवणीच्या वेळी गुलशन सलाम करायला वाकली, तेव्हा तिच्या मुठीत तीच पत्रिका चुरगळलेली दिसली. ही पोर लहानपणी चाचांच्याच ओसरीवर उर्दू शिकली होती, हे ते साफ विसरले होते.

"चुकलं, पोरी," ते पुटपुटले.

ती रागावली नव्हती. "चाचा," ती हळूच म्हणाली, "मी तर घरात कुणालाच बोलले न्हाई. मंग माझ्या मनातलं तुमाला कसं कळलं?"