सोनमनं वळलेले लाडू

"तुला काढत नाही आम्ही," मेट्रन प्रमोदिनी मॅडम म्हणाल्या. "फक्त ऑपरेशन थिएटर नाही. खाली रेकॉर्ड रूममध्ये बसायचं."

सोनमच्या अंगावरचा युनिफॉर्म कालच शिवून आलेला. बारामतीच्या या हॉस्पिटलात नर्स म्हणून तिचा आज पहिलाच दिवस! आणि भरतीच्या वेळी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट मेट्रन मॅडमच्या हाताखाली पालथा पडलेला. हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह.

"मॅडम, डॉक्टरांचं पण रक्त तपासतात का?"

"त्यांची भरती कुठं होते गं? त्यांचंच तर हॉस्पिटल." मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघ, शिवल्यानं, खाल्ल्यानं हे पसरत नाही. तुला माहितीय, मला माहितीय. रिपोर्ट तुझ्या-माझ्यात राहील. शब्द देते."

शब्द! तेवढ्यानंही सोनमला केवढं बरं वाटलं. डोळे पुसून ती बाहेर आली.

नर्सेसच्या टेबलाशी तिची आई उभी होती. लेकीला नोकरी लागली म्हणून मुक्ताबाई लासुर्ण्याहून लाडवांचा डबा मांडीवर धरून एसटीनं आलेली.

"घ्या गं पोरींनो, लाजताय काय? दुकानातलं न्हाईत. माज्या सोनमनंच वळल्यात समदे. म्हनली, आई, तू हात लावू नगंस, माज्या स्टाफसाठी मीच करनार."

डब्याकडं आलेले हात थांबले.

"माझं डाएट आहे, मावशी," अश्लेषा सिस्टर म्हणाली. भरतीच्या दिवशी हिनंच बजावलं होतं, येताना गोड आणायचं म्हणून. दुसरीनं लाडू घेतला, कागदात गुंडाळला आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिला. मग बेसिनशी जाऊन हात धुतले. साबण लावून, पार कोपरापर्यंत.

तेवढ्यात मेट्रन मॅडम केबिनमधून आल्या. सोनम त्यांच्याकडं बघतच राहिली. मुक्ताबाईनं डबा पुढं केला. मॅडमनी एक लाडू उचलला, "नंतर खाते हं," म्हणाल्या आणि सलाईनच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवला.

मुक्ताबाईनं एकेकीचं तोंड बघितलं.

"आज समद्यांचा उपास हाय व्हय गं, सोनम?"

"व्हय, आई."

"मंग सांगायचं न्हाय का आदी?" तिनं झाकण नीट दाबून बसवलं आणि डबा टेबलाच्या मधोमध सरकवला. "ऱ्हाऊ दे हितंच. उपास सुटला की खातील."