डावा भोवरा

रेसकोर्सच्या तबेल्यात कॅनव्हासवरचं फडकं काढून देवळेकरांनी समोरच्या घोड्याकडे पाहिलं आणि कुंचला हवेतच थांबला. डर्बी जिंकलेल्या तुफानच्या कपाळावरचा भोवरा काल त्यांनी डावीकडे रंगवला होता. आज तो चक्क उजवीकडे!

“काय रे हुसेन, घोडा तोच ना?”

“तोच की, मास्तर,” मोतद्दार चपापला. “घोडा काय सदरा आहे बदलायला?”

देवळेकरांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. चाळीस वर्षं जिंकणारे घोडे रंगवले, एक केस इकडचा तिकडे झाला नव्हता. आता डोळेच फितूर झाले असतील, तर उद्यापासून घरी बसायचं. पण हा हुसेन नजर का चोरतोय? त्यांनी भोवरा काही खोडला नाही.

तेवढ्यात तुफानचे मालक आले. चित्र बघताच त्यांचा चेहरा उतरला. देवळेकरांच्या कानाशी लागून ते कुजबुजले, “तुफान लंगडतोय हो. रविवारी त्याच्या नावावर हा जुळा भाऊ पळवायचाय. कुठं बोलू नका, पाया पडतो.”

“म्हणजे घोडे दोन आहेत?” देवळेकर आनंदानं असे ओरडले, की पार शर्यतीच्या पंचांच्या कचेरीतल्या खिडक्या उघडल्या.